आजार कुठवर पोहोचला आहे : टप्पा ठरवणाऱ्या एमआरआयचा अनुभव

मला गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे, हे बायॉप्सीच्या अहवालाने सांगितले. तो स्क्वॅमस पेशींचा, म्हणजे पृष्ठभागावरच्या चपट्या पेशींचा आहे, हेही त्यातच लिहिले होते. परंतु उपचार शस्त्रक्रियेने करायचे की किरणोपचारांनी, या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर असणे शक्यच नव्हते. बायॉप्सीसाठी काढलेला तुकडा काही मिलिमीटरचा असतो आणि तो जिथून घेतला त्या जागेपलीकडे काय चालले आहे, याची त्याला गंधवार्ता नसते. गाठ किती मोठी आहे, ती गर्भाशयमुखाच्या आतच आहे की बाहेर पडली आहे, लसिका ग्रंथींपर्यंत, म्हणजे शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतल्या छोट्या ग्रंथींपर्यंत गेली आहे का, मूत्राशय आणि गुदाशय मोकळे आहेत का, हे सारे ठरायचे बाकी होते. त्यासाठी ओटीपोटाचा एमआरआय करायचा होता.

त्याआधी कर्करोगतज्ज्ञ बाईंनी हाताने तपासणी केली. योनिमार्गातून आणि गुदद्वारातून बोटांनी केली जाणारी ही तपासणी सुखाची नसते, पण तिचे महत्त्व मला नंतर कळले. गर्भाशयमुखाच्या दोन्ही अंगांना मऊ ऊतींचा जो भाग असतो, त्याला पॅरामेट्रियम म्हणतात. तो ताठ झाला आहे का, गाठ त्यातून कमरेच्या हाडांच्या दिशेने सरकली आहे का, हे अनुभवी बोटांना जाणवते. बाईंनी माझ्या कागदावर लिहिले की दिसणारी गाठ साधारण ३ सेंटिमीटरची असून दोन्ही बाजू मोकळ्या वाटतात. मग त्या म्हणाल्या, ‘‘माझ्या बोटांना हे असं वाटतंय. पण गाठ आतल्या बाजूला वाढत असेल तर मला तिचं फक्त तोंड दिसणार. एमआरआय येऊ दे, मग आपण शस्त्रक्रियेचं बोलू.’’

कित्येक दशके या आजाराचा टप्पा अशा हाताच्या तपासणीवरच ठरत असे. जोडीला मूत्राशयाची आणि गुदाशयाची दुर्बिणीतून तपासणी, छातीचा आणि मूत्रमार्गाचा एक्स-रे, एवढेच धरले जाई. एमआरआयमध्ये काही वेगळे दिसले तरी त्यामुळे अधिकृत टप्पा बदलत नसे. या आजाराचे बहुसंख्य रुग्ण जिथे एमआरआय यंत्र सहज मिळत नाही अशा भागांत आहेत, आणि टप्प्यांची भाषा सर्वत्र एकच असावी, असा त्यामागचा विचार होता. आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र महासंघाने, म्हणजे डॉक्टर मंडळी ज्याला ‘फिगो’ म्हणतात त्या संघटनेने, २०१८ साली ही पद्धत बदलली आणि प्रतिमांमधून व पॅथॉलॉजीतून मिळालेली माहिती टप्पा ठरवताना ग्राह्य धरली. माझा आजार त्यानंतरचा असल्यामुळे माझ्या एमआरआयला अधिकृत वजन होते, आणि पुढे घडले ते पाहता मी याला माझे नशीब समजते.

एमआरआय लगेच झाला नाही. बायॉप्सीनंतर त्या जागी सूज येते, थोडे रक्त साकळते आणि प्रतिमेत ते गाठीसारखे दिसू शकते किंवा खरी गाठ झाकू शकते. म्हणून मधे काही दिवस जाऊ द्यावे लागतात. आजाराचे नाव कळल्यावर हे थांबणे फार जड जाते. मनात येई, इतका तातडीचा आजार आणि आपण वाट कसली पाहतो आहोत? पण अस्पष्ट चित्रावर उपचार ठरवण्यापेक्षा ही वाट पाहणे परवडले, असे माझे आजचे मत आहे.

तपासणीच्या आधीची प्रश्नावली लांबलचक होती. हृदयात पेसमेकर आहे का, मेंदूच्या रक्तवाहिनीवर क्लिप बसवली आहे का, कानात कॉक्लिअर इम्प्लांट आहे का, कधी डोळ्यात धातूचा कण गेला होता का, गर्भाशयात तांबी आहे का, अंगावर औषधाची पट्टी चिकटवली आहे का. त्या यंत्राचे चुंबक तपासणी चालू असो वा नसो, सतत जागे असते, त्यामुळे केसांतल्या पिनेपासून पैशांच्या नाण्यापर्यंत सर्व बाहेर ठेवावे लागते. काचबिंदू आहे का आणि हृदयाचे ठोके अनियमित होतात का, हे दोन प्रश्न मात्र चुंबकासाठी नव्हते. आतड्यांची हालचाल काही वेळ शांत करण्यासाठी हायोसिन नावाचे इंजेक्शन देतात आणि ते या दोन तक्रारींत चालत नाही. आतडी सतत सरकत असतात आणि त्यांच्या हालचालीमुळे शेजारच्या गर्भाशयाची प्रतिमा पुसट होते. काही तास उपाशी राहायला सांगतात त्याचेही कारण हेच आहे. भूल द्यायची असल्यामुळे उपाशी ठेवतात असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात भुलेचा काही संबंध नव्हता.

लघवीच्या बाबतीत मला अर्धवट भरलेले मूत्राशय हवे असे सांगितले होते. पूर्ण रिकामे मूत्राशय आक्रसून जाते आणि त्याची भिंत जाड दिसते. तुडुंब भरलेले असेल तर रुग्ण स्वस्थ पडू शकत नाही आणि गर्भाशयही जागचे ढकलले जाते. म्हणून तपासणीच्या साधारण तासभर आधी लघवीला जाऊन यायचे आणि नंतर जायचे नाही. आमच्या केंद्रात योनिमार्गात थोडे जेलही भरले. सगळीकडे ते वापरत नाहीत, पण त्यामुळे योनीच्या भिंती एकमेकींपासून सुट्या होतात आणि गाठ योनीच्या वरच्या भागात उतरली आहे का, हे अधिक नीट दिसते. परिचारिकेने प्रत्येक गोष्ट करण्याआधी काय करणार ते सांगितले. अशा वेळी एवढ्यानेही अंगातला ताठरपणा बराच कमी होतो.

यंत्राच्या टेबलावर पाठीवर झोपवून माझ्या ओटीपोटावर एक रुंद, चपटी कॉइल ठेवली आणि ती पट्ट्यांनी सैलसर बांधली. शरीरातून येणारा क्षीण संकेत टिपणारा अँटेना तो हाच. कानांत बोळे, त्यावर हेडफोन, आणि हातात दाबायचा रबरी फुगा. ‘‘ताई, काही त्रास वाटला तर हा दाबा, आम्ही लगेच बाहेर काढू. फक्त कंबर हलवू नका,’’ असे तंत्रज्ञाने सांगितले आणि टेबल आत सरकले. बोगदा अरुंद होता, पण ओटीपोटाची तपासणी असल्याने डोके कडेजवळ राहिले आणि डोळे वर फिरवले की खोलीचा थोडा उजेड दिसत होता. ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांनी ते आधीच सांगावे; गरज असल्यास सौम्य औषध देता येते.

आवाजाबद्दल सगळेच सांगतात, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. चुंबकीय क्षेत्रात झपाट्याने बदल घडवणाऱ्या तारांच्या वेटोळ्यांचे ते थरथरणे असते, आणि प्रत्येक प्रकारच्या प्रतिमेचा ठोका वेगळा असतो. माझ्या लक्षात राहिली ती मधली शांतता. पहिल्या काही मिनिटांच्या ठोक्यांनंतर यंत्र बराच वेळ गप्प झाले आणि मला वाटले, काहीतरी बिघडले किंवा काहीतरी भयंकर दिसले. दोन्ही तर्क चुकीचे होते. पुढे रेडिऑलॉजिस्टनी, म्हणजे या प्रतिमा वाचणाऱ्या डॉक्टरांनी, सांगितले की आधी शरीराचे उभे, बाजूने पाहिलेले छेद घेतात. त्यात गर्भाशयमुखाची नळी कोणत्या कोनात कलली आहे ते दिसते, कारण प्रत्येकीचे गर्भाशय वेगवेगळ्या प्रमाणात पुढे किंवा मागे झुकलेले असते. मग तंत्रज्ञ त्या नळीला अगदी काटकोनात पुढच्या छेदांची आखणी करतो. ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असे हे तिरके छेद या तपासणीचा गाभा असतात. कोन चुकला तर गर्भाशयमुख तिरपे कापले जाते आणि गाठ कडेच्या बाहेर गेल्याचा खोटा भास होऊ शकतो. म्हणजे मला बिघाड वाटलेली ती शांतता हा खरे तर कोणीतरी माझ्यासाठी काळजीपूर्वक रेघ आखत असल्याचा वेळ होता.

त्यानंतर आणखी एका प्रकारच्या प्रतिमा झाल्या. त्यांना डिफ्यूजन म्हणतात. ऊतींमधले पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हलू शकतात हे त्यात मोजले जाते. गाठीत पेशी दाटीवाटीने असल्यामुळे पाण्याला हलायला जागा नसते आणि तो भाग उजळ उठून दिसतो. शेवटी मूत्रपिंडांच्या पातळीपासून खाली जांघेपर्यंतचे मोठे छेद घेतले. ते लसिका ग्रंथींसाठी आणि मूत्रवाहिन्या फुगल्या आहेत का हे पाहण्यासाठी होते. गॅडोलिनियमचे कॉन्ट्रास्ट, म्हणजे प्रतिमा उठावदार करणारे शिरेतले इंजेक्शन, द्यावे लागेल या शक्यतेने मूत्रपिंडांचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी आधीच केली होती, परंतु ते दिलेच नाही. कॉन्ट्रास्ट दिले म्हणजे तपासणी ‘भारी’ झाली अशी अनेकांची समजूत असते. मलाही ते न दिल्याने क्षणभर काही राहून गेल्यासारखे वाटले. रेडिऑलॉजिस्टच्या मते या आजारात टप्पा ठरवण्यासाठी साध्या टी-२ प्रतिमा (ज्यांत पाणी पांढरे दिसते) आणि डिफ्यूजन बहुतेक वेळा पुरेसे ठरतात. सगळे मिळून पाऊण तासाच्या आत आटोपले. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे शरीरात किरणोत्सर्ग जात नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

अहवाल हातात आला तेव्हा त्यातील शब्द कळत होते, पण अर्थ लागत नव्हता. म्हणून बाईंना विनंती केली की प्रतिमा दाखवून समजावून सांगा. त्यांनी रेडिऑलॉजिस्टनाच बोलावले. असे प्रत्येक ठिकाणी होत नाही, याची मला जाणीव आहे. पण विचारायला संकोच करू नये, असे मी प्रत्येकीला सांगेन.

पडद्यावर राखाडी रंगाच्या छटांखेरीज काहीच नव्हते. त्यांनी बोट ठेवून दाखवले : हे पांढरे शुभ्र म्हणजे मूत्राशयातली लघवी. हा गर्भाशयाचा वरचा भाग. आणि गर्भाशयमुखाच्या भोवतीचा घट्ट तंतुमय थर टी-२ प्रतिमेत काळा दिसतो. तिरक्या छेदात तो काळ्या बांगडीसारखा गोल दिसायला हवा. गाठीचा रंग मात्र मधला, करडा. ‘‘काळी बांगडी सगळीकडून अखंड असेल तर गाठ बाजूच्या ऊतींत गेलेली नाही, असं आम्ही बऱ्याच खात्रीने म्हणू शकतो,’’ ते म्हणाले. मग त्यांनी एकामागून एक छेद सरकवले. उजवीकडे बांगडी बारीक झाली होती, पण सलग होती. डावीकडे मागच्या अंगाला ती काही छेदांत दिसेनाशी झाली होती आणि तिथे करडा भाग बाहेर फुगून शेजारच्या चरबीत शिरला होता. डिफ्यूजनच्या प्रतिमेतही नेमकी तीच जागा उजळत होती.

दुसरी गोष्ट आकाराची. तपासणीत ३ सेंटिमीटर वाटलेली गाठ एमआरआयमध्ये ४.४ सेंटिमीटर निघाली. ती योनीच्या बाजूला न वाढता मुख्यतः नळीच्या आत, वरच्या दिशेने पसरली होती, आणि बाईंना फक्त तिचे तोंड दिसले होते. त्यांनी आधीच तशी शंका बोलून दाखवली होती. आकाराचे महत्त्व समजण्यासाठी टप्प्यांची विभागणी पाहावी लागते. गाठ गर्भाशयमुखापुरतीच असेल आणि ५ मिलिमीटरहून खोल गेली असेल तर तो पहिल्या टप्प्याचा ‘बी’ भाग. २०१८ च्या वर्गीकरणात त्याचे तीन उपविभाग आहेत : २ सेंटिमीटरपेक्षा लहान, २ ते ४ च्या दरम्यान, आणि ४ किंवा त्याहून मोठी. पहिल्या उपविभागात मूल हवे असलेल्या काही तरुण स्त्रियांचे गर्भाशय राखून फक्त मुखाचा भाग काढण्याचा विचार होऊ शकतो. त्या वेळी गाठीचे वरचे टोक गर्भाशयाच्या आतल्या तोंडापासून किती दूर आहे हेही एमआरआयवर मोजतात. ४ सेंटिमीटरच्या पुढे मात्र शस्त्रक्रियेकडचा कल कमी होत जातो. आणि गाठ पॅरामेट्रियममध्ये शिरली असेल, पण कमरेच्या हाडाच्या भिंतीपर्यंत पोहोचली नसेल, तर तो टप्पा २बी. भिंतीला टेकली असेल किंवा तिच्या दाबाने मूत्रपिंड फुगले असेल तर ३बी. मूत्राशयाच्या वा गुदाशयाच्या आतल्या अस्तरापर्यंत गेली असेल तर ४ए. त्यासाठी नुसती सूज दिसणे पुरत नाही, प्रत्यक्ष शिरकाव सिद्ध व्हावा लागतो.

माझ्या अहवालाच्या शेवटी २बी लिहिले होते.

मी शस्त्रक्रियेसाठी मनाची तयारी करून आले होते. गाठ काढून टाकली की ती शरीरात उरत नाही, या कल्पनेत एक दिलासा असतो आणि तो सोडणे मला सोपे गेले नाही. बाईंनी मात्र स्पष्ट सांगितले, ‘‘मी ऑपरेशन करू शकते. पण बाजूच्या ऊतींत आजार निघाला की नंतर तुम्हाला रेडिएशन द्यावंच लागेल, आणि दोन्ही उपचारांचा त्रास तुमच्या वाट्याला येईल. मग सुरुवातच योग्य उपचाराने का करू नये?’’ एमआरआय झाला नसता तर बहुधा हेच घडले असते : हाताच्या तपासणीवरून पहिला टप्पा धरून मोठी शस्त्रक्रिया, मग पॅथॉलॉजीच्या अहवालात अनपेक्षित ओळ, मग किरणोपचार. या तपासणीने मला वाचवले ते या दुहेरी फेऱ्यातून.

एक प्रश्न तरीही लोंबकळत राहिला. अहवालात डाव्या बाजूच्या एका लसिका ग्रंथीचा उल्लेख होता. आडवा व्यास ७ मिलिमीटर, आकार लांबट, कडा गुळगुळीत. नव्या वर्गीकरणात कटीभागातील ग्रंथीत आजार असेल तर गाठ कितीही लहान असली तरी टप्पा थेट ३सी१ होतो, आणि महारोहिणी या पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीलगतच्या ग्रंथींत असेल तर ३सी२. प्रतिमांवरून ठरवले असेल तर त्यापुढे ‘आर’ हे अक्षर आणि पॅथॉलॉजीवरून ठरवले असेल तर ‘पी’ हे अक्षर लावतात. हे वाचून माझी झोप उडाली. डिफ्यूजनमध्ये ती ग्रंथी उजळ दिसते आहे, हेही मी पाहिले होते. रेडिऑलॉजिस्टनी समजावले की डिफ्यूजनमध्ये निरोगी ग्रंथीही उजळतात; ती प्रतिमा ग्रंथी शोधायला उपयोगी पडते, तिची परीक्षा करायला तितकीशी नाही. परीक्षा मुख्यतः आकार, घडण आणि कडा यांवरून करतात, आणि तिथे एमआरआय थिटा पडतो. लहानशा ग्रंथीत थोड्या कर्करोगपेशी असल्या तरी तिचा आकार वाढलेला नसतो. उलट, जंतुसंसर्गाने सुजलेली निरोगी ग्रंथी मोठी दिसते. म्हणून पेट-सीटी करायचे ठरले. या तपासणीत जास्त साखर शोषणाऱ्या पेशी चमकतात. त्यात गाठ स्पष्ट चमकली, पण ती ग्रंथी चमकली नाही. शंका असेल तर खालचा टप्पा धरावा, असा फिगोचा जुना नियमच आहे. टप्पा २बी कायम राहिला. पेट-सीटीही अगदी सूक्ष्म आजार सांगू शकत नाही, हे बाईंनी लपवले नाही. कटीभागातील सर्व ग्रंथी किरणोपचाराच्या क्षेत्रात येणारच आहेत, एवढे सांगून त्या पुढच्या विषयाकडे वळल्या.

बाहेरून द्यायचे किरणोपचार आणि त्यासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध सुरू झाले. ते संपत आले तेव्हा दुसरा एमआरआय झाला. आतून द्यायच्या किरणोपचारांसाठी, म्हणजे ब्रॅकीथेरपीसाठी, आता किती गाठ उरली आहे हे पाहायचे होते. तेच इंजेक्शन, तेच तिरके छेद. दोन्ही वेळच्या प्रतिमा शेजारी ठेवल्यावर मलासुद्धा फरक ओळखता आला : ज्या जागी करडा फुगवटा होता तिथे आता काळसर, वणासारखी ऊती होती आणि गाठीचा अवशेष दीड सेंटिमीटरच्या आसपास राहिला होता. टप्पा बदलून कमी झाला का, असे मी विचारले. तसे होत नसते. उपचारांपूर्वी ठरलेला टप्पा पुढे गाठ विरघळली तरी बदलत नाही आणि आजार उलटला तरी बदलत नाही.

पहिल्या एमआरआयचा उपयोग तिथेही संपला नव्हता. ब्रॅकीथेरपीची आखणी करताना किरणोपचारतज्ज्ञांनी उरलेल्या गाठीसोबत आरंभी ती जिथवर पसरली होती तो डावीकडचा भागही रेखून घेतला, कारण नजरेला न दिसणाऱ्या पेशी तिथे राहिलेल्या असू शकतात. मूत्राशय, गुदाशय आणि आतड्याचा जवळचा भाग यांना किती मात्रा जाईल हे दुसऱ्या एमआरआयच्या प्रतिमांवर मोजले. चुंबकात चालेल अशा विशेष साहित्याचा अ‍ॅप्लिकेटर, म्हणजे ज्यातून आतले किरण देतात ते साधन, आत बसवलेला असतानाच हा दुसरा एमआरआय केला होता. उपचार पूर्ण झाल्यावर पुढचा एमआरआय साधारण तीन महिन्यांनी ठेवला आहे. त्याआधी केला तर किरणांमुळे आलेली सूज आणि उरलेला आजार यांत फरक करणे अवघड जाते, म्हणून ती तारीख अलीकडे आणण्याची माझी विनंती बाईंनी मान्य केली नाही.